प्रतिज्ञापत्राचा नववा परिच्छेद

बाबांना मधुमेह आहे हे कळलं तेव्हा आई होती. त्यामुळे गोळ्या, पथ्य आणि पथ्यावरून होणारी भांडणं हे सगळं तिच्याकडे होतं. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी एकुलती एक. आम्ही दोघंही सिडकोतच राहतो, माझ्या घरापासून त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, म्हणजे कागद सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पहिल्याच महिन्यात मी बाबांच्या आजाराची फाईल केली. चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. नातेवाईक म्हणायचे, मुलगा असता तर त्यानेही इतकं केलं नसतं. मी वरवर "त्यात काय एवढं" म्हणायचे आणि आतून टम्म फुगायचे.

दर महिन्याला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाबांना दवाखान्यात न्यायचे. डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाबा, दुसरीवर मी, मांडीवर फाईल. डॉक्टर विचारायचे बाबांना आणि बोलायचे मी.

"काय काका, काय म्हणता?"

"बरंय," बाबा म्हणायचे.

"कसलं बरं? परवा साखरपुड्यात दोन गुलाबजाम हाणलेत यांनी," असं मी सांगून टाकायचे. डॉक्टर हसायचे, बाबा टेबलाच्या काचेखालच्या जाहिराती वाचत बसायचे. आमची तिघांची छान गट्टी जमली आहे असं मला वाटायचं.

एका महिन्यात साखर काही केल्या उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. ते म्हणाले, "ही साखर लघवीवाटे बाहेर टाकते. हृदयाला चांगली, किडनीला चांगली, थोडं वजनही उतरेल. पाणी भरपूर प्या, काका." त्यापुढे ते काही बोलले का, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. बोलले नाहीत. मी चिठ्ठी घेतली आणि फाईलला लावली. मेडिकलवाल्याने नेहमीप्रमाणे पट्टी कापून महिन्यापुरत्या गोळ्या कागदी पाकिटात घालून दिल्या. खोक्यात घडी घातलेला जो माहितीचा कागद असतो तो आमच्यापर्यंत कधी आलाच नाही, आणि खरं सांगायचं तर आला असता तरी इतकी बारीक अक्षरं मी वाचली नसती.

गोळी लागू पडली. दोन महिन्यांत साखरेचे आकडे असे खाली आले की मी रिपोर्टचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दहावीचा निकाल लागावा तशी मी खूश होते.

तिसऱ्या महिन्यात बाबा खुर्चीवर एका अंगाला कलून बसायला लागले. चालताना पाय फाकवून टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "गुडघा धरलाय." मी गुडघ्याचं तेल आणून दिलं. त्यांच्या न्हाणीघरात तुरटीचा मोठा खडा दिसला, बोरिक पावडरचा डबा दिसला, नायट्यावरच्या मलमाची अर्धी पिळलेली ट्यूब दिसली. तुरटी दाढीसाठी असेल आणि मलम पायाच्या बोटांसाठी असेल असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही. घरात बाईमाणूस म्हणून मीच होते, आणि बाबांसारखा माणूस मुलीला दुखणं कुठल्या जागेचं ते सांगणार नव्हता. माझा नवरा होता, पण तो जावई. जावयाला सांगणं तर त्याहून अशक्य. आई असती तर तिला त्यांनी पहिल्या रात्रीच सांगितलं असतं.

त्या महिन्यातही आम्ही दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाकी काही त्रास?" बाबांनी घसा खाकरला. मी म्हणाले, "काही नाही डॉक्टर, एकदम झकास. हे रिपोर्ट बघा ना." आणि फाईल पुढे सरकवली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, "वा, काका" म्हणाले, आणि तीच गोळी पुढे चालू ठेवली.

त्यानंतर आठ दिवसांनी बाबा दुपारी अंथरुणावरून उठेनात. अंग भाजत होतं आणि ते काहीबाही बोलत होते. नवऱ्याने त्यांना उचलून रिक्षात घातलं, तेव्हा ते ओरडले. मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर सर्जनने त्यांना तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की जांघेत आणि त्याच्या आसपास जंतू आत खोल शिरलेत, तिथलं मांस सडतंय, आत्ताच्या आत्ता ते कापून काढावं लागेल, आणि जिवाची खात्री देता येणार नाही. त्यांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. मी मान हलवत राहिले. सही केली. आत बाबांना स्ट्रेचरवर घेत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मरणाच्या दारात असलेला माणूस माझ्यापासून तोंड लपवत होता आणि मला त्याचा राग आला होता, हे मला अजून खुपतं.

तीन वेळा ऑपरेशन झालं. मग दोन महिने रोज ड्रेसिंग. ड्रेसिंग करणारे ब्रदर आले की मला बाहेर पाठवायचे. बाहेरच्या बाकावर मला आतलं कण्हणं ऐकू यायचं, आणि मध्येच ब्रदरचं बोलणंही. "काका, दुखलं तर दुखलं म्हणा, इथं कोण बघतंय?" बाबा वाचले. त्यांना बसायला आता हवेची गोल उशी लागते आणि काही गोष्टी कायमच्या गेल्या. त्यांची यादी मी इथे देणार नाही, कारण ती त्यांची आहे.

तिथल्या फिजिशियननी माझी फाईल चाळली होती. त्या नव्या गोळीपाशी थांबून ते म्हणाले, "ही आधी बंद करू. गोळी चांगली आहे, मीही अनेकांना देतो. पण लघवीत साखर उतरते म्हणून तिथे संसर्ग होऊ शकतो, आणि अगदी क्वचित तो असा वाढतो. खाज, लाली, सूज दिसली तर लगेच या, असं सांगावं लागतं. सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

नव्हतं सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते एकच वाक्य घण घालत राहिलं. एका वाक्याचा प्रश्न होता. पाणी भरपूर प्या म्हणायला वेळ होता, तर हे म्हणायला किती वेळ लागला असता? बाबा घरी आले, चालायला लागले, आणि मी कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे फाईल घेऊन गेले.

वकील वयस्कर होते आणि घाईत नव्हते. फाईल बघून म्हणाले, "इतके व्यवस्थित कागद आमच्याकडे कुणी आणत नाही हो." मी त्याही परिस्थितीत सुखावले. मग त्यांनी मला जमिनीवर आणलं. पोलिसांत जायचा विचार सोडा, म्हणाले, तिथे फार ढोबळ हलगर्जी दाखवावी लागते आणि त्यावर दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतं. कंपनीवर जायचं तर ती म्हणणार की धोका आम्ही कागदावर छापलेला आहे. डॉक्टरांच्या वर्तणुकीबद्दल वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, पण तिथे भरपाई मिळत नाही. राहता राहिला जिल्हा ग्राहक आयोग. फी देऊन घेतलेली सेवा होती, तेव्हा तिथे तक्रार चालते, फक्त दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे. "आणि एक लक्षात ठेवा. गोळी वाईट होती असं आपण म्हणत नाही आहोत. धोका सांगितला नाही, एवढंच आपलं म्हणणं आहे. ते कागदावर आणि शपथेवर उभं राहिलं पाहिजे." त्यांनी आणखी एक सांगितलं, की औषधाचा दुष्परिणाम कळवायचा सरकारी फॉर्म असतो, तो रुग्णाला स्वतः भरता येतो, त्याला वकील लागत नाही. तो मी त्याच आठवड्यात भरला. या सगळ्या प्रकरणात कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं मी काही केलं असेल तर तेवढंच.

बाबा केसला तयार नव्हते.

"आन् तिथं काय सांगू? कुठं झालं म्हणून सांगू?"

"लिहून द्यायचं असतं बाबा. मोठ्याने बोलावं लागत नाही."

"लिहिलेलं कुणी वाचत नाय का?"

मी महिनाभर त्यांच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या मनात हाय ना, मग कर बाई." याला मी होकार समजले.

आधी डॉक्टरांना नोटीस गेली. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं ते आमच्या वकिलांनी आम्हा दोघांसमोर वाचून दाखवलं. त्यात होतं की रुग्णाला प्रत्येक भेटीत त्रासाबद्दल विचारण्यात आले, रुग्णासोबत त्यांची मुलगी हजर असे, आणि कोणताही त्रास नसल्याचे दर वेळी सांगण्यात आले. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असं झालं होतं?"

"पण धोका सांगितला नव्हता!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरचा टायपिस्ट थांबला. "धोका सांगितलाच नव्हता त्यांनी!"

विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. बाबा गोल उशीवर बसून माझ्याकडे बघत होते. मग ते वकिलांना म्हणाले, "मी लिहून देतो साहेब. माझं मी लिहितो."

चार दिवस ते लिहीत होते. मी गेले की वही मिटायचे. शेवटी त्यांनी डिंकाने चिकटवलेला लिफाफा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वकिलालाच दे." मी उघडला नाही. वकिलांनी त्यावरून प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करून घेतला आणि एका संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "तारखा तुमच्या फाईलशी ताडून बघा, म्हणजे उद्या सही घेता येईल."

मी तिथेच बसून वाचायला लागले. सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो की. वय, धंदा, पत्ता. गोळी कधी सुरू झाली ते. तुरटीचं पाणी, मलम, किती दिवस जळजळ झाली ते. बाबांनी काही लपवलं नव्हतं. अवयवांची नावं सरळ लिहिली होती. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम केलेल्या माणसाने मशीनचा बिघाड लिहावा तसं स्वतःच्या शरीराबद्दल लिहिलं होतं. मला एकेका ओळीवर थांबावं लागत होतं. मग नववा परिच्छेद आला.

"डॉक्टरांनी मला कोणत्याही भेटीत त्रासाबद्दल विचारले नाही. तपासणीच्या वेळी खोलीत मी एकटाच असे. माझी मुलगी बाहेर बाकावर बसत असे."

मी ते तीनदा वाचलं. एका फटक्यात त्यांनी मला त्या खोलीतून उठवून बाहेर नेऊन बसवलं होतं. माझी खुर्ची, माझी फाईल, माझं "एकदम झकास", काहीच घडलं नव्हतं.

बाबा कधी काळी कारखान्यातल्या एका अपघाताच्या अहवालावर सही करायला नाही म्हणाले होते. एकाची दोन बोटं गेली होती आणि अहवालात लिहिलं होतं की मशीनचं संरक्षक गार्ड त्यानेच काढलं. गार्ड महिनाभर आधीपासून जागेवर नव्हतंच, हे बाबांना माहीत होतं. सही न केल्याबद्दल सहा महिने सलग रात्रपाळी लागली, ती त्यांनी केली. दर रविवारी ते विहारात जातात, पंचशील म्हणतात. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. असा माणूस शपथेवर सरळसरळ खोटं लिहायला बसला होता आणि त्यासाठी त्याला चार दिवस लागले होते.

वकिलांना मी सांगितलं की एक तारीख विचारून येते. मसुदा घेऊन सरळ बाबांच्या घरी गेले. ते भाजी निवडत बसले होते.

"मी बाहेर बाकावर बसायचे?"

त्यांनी मान वर केली नाही. "बसत असशील कधी."

"बाबा, एक दिवससुद्धा नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

"ठाऊक हाय मला. मी तिथंच होतो."

"मग हे का लिहिलं?"

"मग काय लिहू? पोरीनं तोंड बंद केलं म्हणून लिहू? उद्या तो दुसरा वकील सगळ्यांसमोर तेच म्हणंल. तू लय केलंस माझ्यासाठी. तुझं नाव त्याच्यात नको."

"शपथेवर खोटं लिहिताय तुम्ही. दर रविवारी तिथे जाऊन काय म्हणता?"

"शील मोडलं तं माझं मोडलं," ते म्हणाले. "तुझं काय गेलं?"

माझा स्वभाव असा की मला रडू यायच्या आधी राग येतो. मी खूप बोलले. केस माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी चालली आहे. असं खोटं पहिल्याच उलटतपासणीत उघडं पडेल. मला वाचवायला तुम्हाला कुणी सांगितलं? ते मेथीची पानं खुडत राहिले आणि मी बोलायची थांबले तेव्हाही खुडतच होते. मग मी तो प्रश्न विचारला. हॉस्पिटलातल्या त्या बाकावर बसल्यापासून तो माझ्यापाशी होता, आणि फिजिशियनचं ते वाक्य मी इतक्या मोठ्याने घोकत राहिले ते तो ऐकू येऊ नये म्हणूनच असावं.

"मी खरंच बाहेर बसले असते, तर तुम्ही डॉक्टरांना सांगितलं असतं?"

त्यांना नाही म्हणता आलं असतं. माझ्यासाठी त्यांनी प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं होतं, तोंडी एक खोटं बोलणं त्यांना जड नव्हतं. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली.

"हो," ते म्हणाले. "पहिल्याच टायमाला."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. ते उठून आले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वकिलांकडे गेलो. नववा परिच्छेद काढायला सांगितला. वकिलांनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाले की खरं तेच असेल तर तेच लिहू. केस थोडी अवघड होईल, पण संपत नाही. "त्रास आहे का" असं विचारणं वेगळं आणि कुठला त्रास झाला तर लगेच यायचं हे सांगणं वेगळं, आणि ते सांगायची जबाबदारी डॉक्टरांचीच होती. मी म्हणाले, माझंही वेगळं प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात मी लिहून दिलं की प्रत्येक भेटीत मी आत होते, डॉक्टरांनी बाबांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, वडिलांना काय होतंय ते मला माहीत नव्हतं, तरी मी दिलं. मी आत असल्यामुळे वडिलांना सांगता आलं नाही, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं आहे. डॉक्टरांनी धोका सांगितला नाही, हेही लिहिलं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही, हे मला आता पटलं आहे, पण त्याने झोप लागते असं नाही.

वकिलांनी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हे अर्धं हाय," ते म्हणाले.

"काय राहिलं?" वकिलांनी विचारलं.

"ती दर महिन्याला पगार कापून यायची. एकदाबी चुकली नाय. तिची आई गेल्यापासून. ते पण लिहा."

वकिलांनी समजावलं की काका, याचा तक्रारीशी काही संबंध येत नाही, आयोगाला त्याची गरज नाही.

"खरं लिहायचं ना?" बाबा म्हणाले. "मग सगळं लिहा. न्हाई तं माझी सही नाय."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच असेल, कुणीतरी बाबांना विचारत होतं आणि मी गप्प बसले होते. टायपिस्टला बोलावून दोन्ही प्रतिज्ञापत्रांत तो परिच्छेद वाढवला गेला. आमची तक्रार अजून आयोगापुढे आहे, तारखा पडताहेत, निकाल काय लागेल ते वकीलही सांगत नाहीत. केसच्या दृष्टीने त्या शेवटच्या परिच्छेदाचा काही उपयोग नाही. तो बाबांनी सांगितला तसाच लिहिलेला आहे, आणि त्याखाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत.